मामाच्या गाडीचा गंज

"इथं नव्हता गो गंज," मामा म्हणाला आणि गाडी माझ्या तळहातावर परत ठेवली.

मामाच्या जुन्या पिकअपची ही प्लास्टिकची छोटी प्रतिकृती. तीन आठवडे रात्री जागून मी ती रंगवली होती. दोन्ही दारांच्या ऐन मधोमध, नजर पहिली जाईल अशा जागी, गंजाचे झकास ठिपके काढले होते. मध्ये नारिंगी, भोवती तपकिरी, कडेला काळपट. भाच्याला फोटो पाठवले तर त्याने टाळ्यांची रांगच पाठवली. मामाने मात्र चष्मा कपाळावर चढवला, गाडी डोळ्यांजवळ नेली आणि नखाने दारावर टकटक केलं.

"दाराच्या पोटावर पाणी थांबतं कुठं? ते खाली उतरतं. दार कुजतं ते खालून. तू तर देवी आल्यासारखं तोंड केलंस बिचारीचं."

मामा घरात कोकणीच बोलतो. इथं मराठीत लिहिताना त्याच्या बोलण्यातली मजा थोडी सांडणार, त्याला इलाज नाही. पण म्हणणं खरं होतं. गोव्यातल्या सावईवेऱ्याहून, मामाच्या गावाहून, फोंड्याला परत येताना स्कूटरच्या डिकीत, जेवणाच्या डब्यात, ती देवी आलेली गाडी खडखडत होती आणि मला लाज वाटत होती. लाज दुहेरी, कारण माझा धंदाच खोट्याला खरं दाखवण्याचा.

मी दातांची लॅब चालवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी कवळ्या आणि कॅप बनवते. बावीस वर्षं हेच करतेय. या कामातला पहिला धडा असा की सगळे दात सारखे पांढरेशुभ्र केले की कवळी दुरून ओळखू येते. खरा दात हिरडीपाशी पिवळसर असतो, टोकाला जरासा पारदर्शक. साठीच्या माणसाला ए१ ची उजळ छटा दिली तर तो दात शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही ए३, ए३.५ या गडद छटा लावून बघतो, क्वचित एखादी केसाएवढी तपकिरी चीर मुद्दाम काढतो. चहाचा डाग दातांच्या फटीत बसतो, मधोमध बसत नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. आणि तरी दार रंगवताना मी डाग मधोमध काढला. दाताला डाग का पडतो ते मला ठाऊक होतं. पत्र्याला का पडतो याचा मी विचारच केला नव्हता.

खरी गाडी म्हणजे आजोळची शेवरोले पिकअप. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली, मुरगावला बोटीतून उतरलेली. मामा तिच्यातून कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, सुपारी, नारळ आणि मोसमात सावईची अननसं भरून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचा. मला आठवते ती तिच्या म्हातारपणातली. पुढे ती गोठ्यामागे फणसाखाली उभी राहिली, मग तिच्यात कोंबड्या राहायला लागल्या, आणि एक दिवस भंगारवाला तिला ओढत घेऊन गेला. उरला एक फोटो, मामाच्या लग्नातला. नवरा-नवरी पुढे आणि गाडी मागे, बॉनेटवर झेंडूच्या माळा.

त्या फोटोवरून मी तिचं वय काढलं. माळांआडून समोरची जाळी अर्धीच दिसते, पण भिंगातून मोजल्यावर आडव्या पट्ट्या पाच भरल्या. शेवरोलेने ट्रकना हा पाच पट्ट्यांचा चेहरा १९४७ मध्ये दिला आणि १९५४ च्या मॉडेलपासून बदलला. दाराच्या काचेपुढची लहान तिकोनी खिडकी १९५१ पासून आली. आमच्या गाडीला ती नाही, म्हणजे गाडी ४७ ते ५० मधली. भाच्याने परदेशातून आणलेलं किट १९५० च्या मॉडेलचंच होतं. त्याने हे सगळं बघून आणलं असेल असं वाटत नाही. त्याला डब्यावरचं चित्र आवडलं होतं.

किटचं माप १:२५, म्हणजे खरी गाडी पंचवीसपट मोठी. खऱ्या शेवरोले ३१०० पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच, म्हणजे सुमारे २९५ सेंटीमीटर. माझ्या गाडीत ते ११.८. इंजिन, चासी, सस्पेन्शन मी दोन संध्याकाळींत उरकलं. बॉनेट बंदच राहणार होतं. मॉडेलवाल्यांत इंजिनाच्या वायरी एकेक करून ओढणारे लोक असतात, त्यांना माझा नमस्कार. स्टीअरिंग मात्र बदलावं लागलं. किट अमेरिकन, म्हणून चालक डावीकडे. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने गाड्या हाकायला घेतल्या, पण गोव्यातली वाहतूक डाव्या बाजूनेच राहिली, आणि मामा कायम उजवीकडे बसला. डॅशबोर्ड करवतीने तीन तुकडे करून मीटर आणि कप्प्याची अदलाबदल केली. स्टीअरिंगचा दांडा खाली चासीला जिथं मिळतो ती जागा अजून डावीकडेच आहे. गाडी उलटी करून बघणाऱ्याने बघावं.

देवीचे व्रण घालवायला गाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली. लॅबमध्ये ते असतंच. ॲक्रिलिक रंग पापुद्रे होऊन सुटला आणि खालचं करडं प्लास्टिक परत आलं. मग एका दुपारी मी फोंड्याजवळ कुर्टीला गेले.

तिथं एक डेंटिंग-पेंटिंगवाला मेस्त आहे. माझी स्कूटर दोनदा त्याच्याकडून सरळ झालीय. त्याला म्हटलं, मेस्त, गंज कसा दिसतो ते शिकायचंय. तो हसतच सुटला. "बाई, चाळीस वर्षं लांबी भरून, पेपर मारून गंज लपवला. आता तुम्ही म्हणता दाखवा." पण हातातलं काम टाकून आला. आवारात एक जुनी जीप मरायला टेकली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने पत्र्यावर ठोकत ठोकत निघाला. टण, टण, टण, आणि मग एकाएकी ढप्प. "हितं आत काही राहिलं नाही."

वरून रंग शाबूत होता, फक्त दोन-तीन फोड आलेले, पुटकुळ्यांसारखे. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक फोडावर दाबलं तर ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. "पत्रा आतून कुजतो बाई, रंगाला सगळ्यात शेवटी कळतं."

तासाभरात त्याने जे दाखवलं त्याचे मी फोनवर साठ-सत्तर फोटो काढले. दोन पत्रे जिथं एकमेकांवर बसतात त्या शिवणी. मडगार्डची मागची बाजू, जिथं चाकाने उडवलेला चिखल आत साचून महिनोन्महिने ओला राहतो. दाराचा खालचा काठ, कारण काचेवरून आत उतरलेलं पाणी बाहेर पडायची भोकं कचऱ्याने बुजतात. केबिनचे मागचे खालचे कोपरे. दारावरच्या पन्हाळीची दोन्ही टोकं. आणि उलट बाजूने, जिथं माणसाचा हात रोज लागतो तिथं रंग गेला तरी गंज धरत नाही, पत्रा नुसता तुकतुकीत होतो. रंगाचंही त्याने नीट सांगितलं. नारिंगी गंज ताजा, कालच्या पावसाचा. जुना गंज कॉफीच्या गाळासारखा, जवळजवळ काळा. आणि रंगाखालून डोकावणारा तो गुलाबीसर लाल रंग गंज नव्हेच, ते रेडऑक्साइड, रंगाआधी पत्र्याला लावायचं अस्तर. लोक हमखास तिथं फसतात. मीही फसले असते.

या दौऱ्यानंतर मी एक नियम केला. ब्रश टेकवण्याआधी स्वतःला सांगायचं की इथं पाणी कुठून आलं. सांगता आलं नाही तर डाग काढायचा नाही.

आधी पत्रा पातळ करायला हवा होता. किटच्या मडगार्डची जाडी एक मिलिमीटर. पंचवीसने गुणलं तर अडीच सेंटीमीटर जाड पत्रा. असा पत्रा रणगाड्याला शोभेल, अननसाच्या गाडीला नाही. इथं माझा धंदा कामी आला. मायक्रोमोटरला गोल बर, म्हणजे दात कोरायचं बारीक फिरतं टोक, लावला आणि मडगार्ड आतून खरवडायला घेतला. वेग अगदी कमी, कारण वाढवला की प्लास्टिक वितळून बरला च्युइंगगमसारखं चिकटतं. थोडं खरवडायचं, दिव्यासमोर धरायचं. पहिल्यांदा काही दिसत नाही. मग एक धूसर उजेड यायला लागतो, मग बोटाची सावली दिसते. कॅपचं पोर्सलेन पाहायला मी हेच करते, त्यामुळे हाताला कुठं थांबायचं ते कळत होतं. जिथं भोक हवं तिथं कागदाइतकं पातळ झाल्यावर सुईने टोचलं. ड्रिलचं भोक गोल, शहाणं दिसतं. सुईने फाटलेल्या भोकाच्या कडा खऱ्या कुजलेल्या पत्र्यासारख्या विस्कटतात.

उजव्या मागच्या मडगार्डला हात जरा जास्तच लागला आणि नखाएवढी खिडकी पडली. वाईट वाटलं, मग औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल कापून आतून चिकटवली आणि ते ठिगळ तसंच ठेवलं. म्हाताऱ्या गाडीला ठिगळ चालतं.

रंगाची कथा मामाकडून फोनवर मिळाली. गाडी मुळात हिरवी, गडद. त्या काळच्या शेवरोले ट्रकचा नेहमीचा रंग फॉरेस्टर ग्रीन, त्याच्याशी हे जुळलं. मग एका वर्षी चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी, घराच्या खिडक्यांना निळा ऑइलपेंट लावला, तो उरला. उरलेला पेंट मामाने ब्रशनेच गाडीला फासला.

"ब्रशने? गाडीला?"

"मग काय, तिला कुठं लग्नाला जायचं होतं? लग्न माझं आधीच झालं होतं."

म्हणजे थर असे लागणार: तळाला लोखंड आणि गंज, त्यावर रेडऑक्साइड, त्यावर हिरवा, सगळ्यात वर निळा, आणि निळ्यावर ब्रशचे फराटे. रंग उडालेल्या ठिकाणी हे सगळे थर कडेकडेने दिसायला हवेत, कापलेल्या कांद्यासारखे.

मॉडेलवाल्यांची याला एक जुनी युक्ती आहे, हेअरस्प्रेची. आधी गंजाचे रंग लावायचे, त्यावर वार्निशचा हात देऊन ते पक्के करायचे. वार्निश वाळलं की हेअरस्प्रेचे दोन पातळ थर. तो सुकला की वरचा ॲक्रिलिक रंग, शक्यतो पाण्यानेच पातळ केलेला, कारण तिखट थिनर हेअरस्प्रेला चावतं आणि मग वरचा रंग सुटता सुटत नाही. रंग हाताला कोरडा लागला की ब्रशने थोडं पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं. पाणी रंगातून झिरपून हेअरस्प्रे विरघळवतं. मग ताठ केसांच्या आखूड ब्रशने हलकेच घासलं की रंग पापुद्र्यांनी उडतो आणि खालचा गंज उघडा पडतो. हे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी करायचं. आठवडाभर ठेवलं तर रंग हट्टाला पेटतो.

ऐकायला सोपं आहे. मी आधी प्लास्टिकच्या सात चमच्यांवर करून पाहिलं. पहिल्या तिघांवर पाणी जास्त झालं आणि रंगाचं पूर्ण कातडंच निघालं. चौथ्यावर काहीच उडालं नाही. सातव्यावर जे जमलं ते असं: पाणी फक्त ब्रशच्या टोकाला, घासणं एकाच दिशेने, आणि पहिला पापुद्रा सुटल्यावर हात उचलायचा. मोह होतोच आणखी दोन पापुद्रे काढायचा.

मोठ्या चट्ट्यांसाठी मिठाची रीत वापरली. पत्रा ओला करायचा, त्यावर मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं, वरून रंग मारायचा, मग मीठ चोळून काढायचं. जिथं खडा होता तिथं खालचा गंज उघडा. दुकानातलं बारीक मीठ घेतलं तर सगळे डाग एका मापाचे येतात, गोवर आल्यासारखे. आमच्याकडे आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ होतं, पण त्याचा दोन मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या गाडीवर पाच सेंटीमीटरचा डाग. खलबत्त्यात दोनच ठोके दिले. त्यातून पीठ, कणी, खडा असं सगळं निघालं आणि हवं ते वेडंवाकडं माप मिळालं. हे मेच्या उन्हात झालं म्हणून झालं. जूनमध्ये पुन्हा करायला गेले तर मीठ वाळेचना, पत्र्यावर घाम येऊन घरंगळायला लागलं.

टप आणि बॉनेटचा निळा मी पांढरा मिसळून विटका केला, कारण ऊन तिथं थेट पडतं. दारांचा तितका विटवला नाही. मग ऑइल कलर. बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये चहाइतके पातळ करून शिवणींत सोडले. केशाकर्षणाने रंग फटीत आपणहून धावतो, ते बघायला मला अजून मजा येते. पन्हाळीच्या टोकांपासून खाली गंजाचे ओघळ काढले: रंगाचा एक ठिपका ठेवायचा, दहा मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढायचा, पुन्हा पुसून पुन्हा ओढायचा. ओघळ खाली येता येता विरला पाहिजे. पाणी ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने ब्रश जातो, आडवा गेला की खेळ संपला.

त्याच सुमारास एका रात्री मामाचा फोन आला. मामा रात्री फोन करत नाही, म्हणून छातीत धस्स झालं. तो म्हणाला, "कोपर घातलंस का?"

"कसलं कोपर?"

"माझं. उजव्या खिडकीत मी कोपर टेकून बसायचो ना. तिथला रंग सगळा गेला होता. उन्हात चमकायचं."

मेस्तने सांगितलेला तुकतुकीत पत्रा तो हाच. उजव्या दाराच्या वरच्या काठावर, मागच्या अर्ध्या भागात, मी निळा आणि हिरवा दोन्ही घासून काढले आणि मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं. बोटाएवढ्या दारावर तांदळाच्या दाण्याएवढी चमक आली. सगळ्या गाडीत मला विचाराल तर हीच जागा सगळ्यात बरी झाली आहे, आणि तिथं मी काहीच रंगवलेलं नाही.

मग जुलै आला आणि मी मूर्खपणा केला. बाहेर सलग चार दिवस पाऊस कोसळत होता, भिंतींना हात लावला तरी ओलं लागत होतं. आणि मला घाई, कारण ऑइल कलर वाळले होते आणि त्यांच्यावर मॅट वार्निशचा हात देऊन पुढे जायचं होतं. पत्र्याच्या डब्यातला स्प्रे घेतला आणि खिडकीशी उभं राहून मारला. दोन मिनिटांत गाडीवर दुधाची साय आली. निळा, हिरवा, गंज, सगळं पांढुरक्या धुक्याखाली. तीन महिन्यांचं काम.

कारण नंतर शांतपणे बसल्यावर कळलं, आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं. स्प्रेमधला द्राव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतली वाफ त्या गार पृष्ठभागावर दव होऊन वार्निशमध्ये अडकते. जुलैतल्या गोव्यात हवेला वाफेची काय कमी? स्प्रेचा काही दोष नव्हता.

त्या रात्री मी गाडीकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एसी लावून दार बंद केलं. एसीने हवा कोरडी होते, तीन-चार तासांत फरक जाणवतो. एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पाणी अडवणाऱ्या भांड्यात अर्धी वाटी पाणी साचलं होतं, ते सोडून दिलं. मग एका उरलेल्या, तसाच मुद्दाम दुधाळ केलेल्या चमच्यावर एअरब्रशने लॅकर थिनरचा नुसता भास होईल इतका फवारा मारला. धुकं उडालं आणि खालचा रंग जागेवर राहिला. मग गाडीवर, श्वास रोखून. सात-आठ झुळकी, प्रत्येकीमध्ये पाच मिनिटं. साय गेली. डाव्या मडगार्डच्या कडेला थोडी राहिली, ती मी वाळलेला चिखल म्हणून खपवली आहे.

माती खरीच हवी होती, सावईची लाल. नवशिक्याची चूक म्हणजे ती तशीच टाकणं. मातीचा एक दशांश मिलिमीटरचा कणही १:२५ मध्ये अडीच मिलिमीटरची खडी होतो. मी मलमलच्या ओढणीतून तीनदा गाळली, जी पिठासारखी उरली तीच घेतली. त्याआधी लोखंडी तव्यावर भाजली, कारण पावसाळ्यात आमच्याकडे चपलेला बुरशी येते, मातीला का सोडेल? सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता बाहेर गेल्या. तवा मी तीनदा घासला, तरी पुढचे दोन दिवस त्यांनी भाकरी दुसऱ्या तव्यावर भाजली.

ही माती कोरड्या ब्रशने मडगार्डच्या आत, पायरीवर, चाकांवर बसवली आणि आयसोप्रोपिलमध्ये माती धरून ठेवणाऱ्या मॅट मीडियमचे दोन थेंब टाकून ड्रॉपरने कडेकडेने सोडलं. वाळताना रंग गडद दिसतो आणि जीव घाबरतो, पूर्ण वाळल्यावर परत खरा येतो. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग तेवढा पुसून काळा ठेवला.

हौद्याचं लाकूड ही आणखी एक फजिती. मामाने मूळच्या फळ्या कुजल्यावर फणसाच्या बसवल्या होत्या, म्हणून मी हट्टाने सुताराकडून फणसाची छिलपी आणली. पण फणसाचे रेषे १:२५ मध्ये ओंडक्याचे दिसतात. खऱ्या लाकडाने खोटं दिसतं, हे गमतीचं आहे. शेवटी आइसक्रीमच्या काड्या उभ्या चिरल्या. भांडी घासायची लोखंडी तार माडाच्या व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवली, काड्यांना आधी कडक चहाचं पाणी पाजलं, वाळल्यावर हे व्हिनेगर लावलं. चहातलं टॅनिन आणि विरघळलेलं लोखंड भेटलं की लाकूड डोळ्यांदेखत करडं पडतं, वीस पावसाळे काढल्यासारखं. फाळक्याजवळच्या फळ्यांवर अननसाच्या रसाचे गडद डाग दिले. भाचा म्हणाला, मावशी, हौद्यात छोटी छोटी अननसं बनव. नाही बनवली. मग सगळे अननसंच बघत बसले असते.

चवथीला आम्ही सगळे आजोळी. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, आरती झाली, जेवणं झाली, पुरुषमंडळी भजनाला शेजारी गेली. मी पडवीत मामापुढे डबा उघडला. त्याने ह्या वेळी चष्मा डोळ्यांवरच ठेवला. आधी दाराचा खालचा काठ बघितला. मग मडगार्ड मागून. अंगठ्याचं नख उजव्या खिडकीच्या काठावरून फिरवलं, तिथं थोडा वेळ थांबला. ठिगळ बघून हसला. मग गाडी डावीकडून धरली आणि कपाळाला आठी.

"हे दार मिटलेलं कसं?"

"म्हणजे?"

"ह्याची कडी बिघडली होती गो. हे मिटायचंच नाही. सुंभ बांधायचो. आतून सीटच्या पायाला, बाहेरून कडीला."

मला आठवलं. मला खरंच आठवलं, आणि इतके महिने कसं आठवलं नाही कोण जाणे. त्या दारापाशी नारळाच्या सुंभाची ती टोचणारी गाठ, पावसात फुगून काळी झालेली.

दुसऱ्या दिवशी फोंड्याला परत आल्यावर डावं दार बरने सोडवलं आणि एक केस बाहेर, तिरकं बसवलं. सुंभ मामाने कागदात गुंडाळून दिला होता, गोठ्यात असतो तोच. खरा दोर बोटाएवढा नसेल, सात-आठ मिलिमीटर, म्हणजे मला हवा होता एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही बारीक. सुंभ उसवत गेले. आधी पेड, मग जुडगा, मग एकच रेषा. चिमट्यात धरलेला काथ्याचा एक केस, कॅलिपरला लावला तर जवळपास तेवढाच. तो ताठ, गाठच घेईना, दोनदा मोडला. तिसरा रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी लॅब उघडायच्या आधी, भिंगाखाली, दोन चिमटे घेऊन कडीला एक फेरा दिला, सीटच्या पायाशी नेला आणि ओढला. गाठ बसली.

आता ते दार उघडत नाही. तेव्हाही उघडायचं नाही. आम्ही मुलं उजवीकडून, मामाच्या मांडीवरून चढून आत जायचो.